पूजेतला कॉम्प्युटर

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, खंडेनवमी. दिवसभर ढग, पाऊस नाही, रात्री हवा कोंदट.

"तारीख-वार लक्षात ठेवा," कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा हिंमतराव सोसायटीतल्या पोरांना म्हणाले. "नाहीतर उद्या म्हणाल, म्हाताऱ्यानं पुड्या सोडल्या. हे बद्रीनाथच्या घरी घडलंय. भोसरीच्या कारखान्यात तो आणि मी शेजारशेजारच्या लेथवर होतो." मग त्यांनी सांगितलं ते असं.

बद्रीनाथ वारला त्याला वर्ष होत आलं होतं. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये मागे राहिली त्याची बायको पूर्णिमा आणि त्यानं स्वतः जोडलेला कॉम्प्युटर. घटस्थापनेपासून तो सुरू होता होता बंद पडायला लागला, म्हणून तिनं भाच्याला बोलावलं.

भाचा दिग्विजय. खराडीला मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायचा. घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायला सांगणं म्हणजे सर्जनला नखं कापायला बोलावणं, असं त्याचं मत होतं, आणि ते तो न विचारताही द्यायचा. खंडेनवमीच्या रात्री साडेनऊला आला. बघतो तर कॉम्प्युटरवर झेंडूची माळ, हळदकुंकू. शेजारी पाटावर बद्रीनाथचे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर.

"हाही पूजेला? उद्या वायफायला नैवेद्य दाखवशील."

"अवजारच की ते. आज हात लावू नको रे. सकाळी उत्तरपूजा झाली की कर."

"सकाळी मी पानशेतला. आणि रॅमला पंचांग कळत नाही, आत्या."

"बरं बाबा. पण त्यात ह्यांचा आवाज आहे, तेवढा जप. कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते माझ्यासाठी बोलून ठेवलंय. 'आधी शटडाऊन, मग बटण. घाई कुणाला आहे?' आवाज म्हणून तेवढाच राहिलाय ह्यांचा."

"जन्मभर टोमणे ऐकलेस, ते पुरले नाहीत?"

त्यातले निम्मे त्याच्याच वाट्याला आले होते. बद्रीनाथ त्याला 'इंजिनिअर' म्हणायचा, आणि असा म्हणायचा की त्यापेक्षा शिवी परवडली.

आत्या झोपायला गेली. दिग्विजयनं माळ काढून कोपऱ्यात भिरकावली. बॅगेतल्या स्क्रूड्रायव्हरनं कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी खोडरबरानं घासून परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण विंडोज अडकलं. आधी सगळं उतरवून घ्यायचं तर दोन तास. त्या म्हाताऱ्याच्या आवाजासाठी कोण बसतंय? सरळ डिस्क पुसायची, नवं विंडोज टाकायचं. आत्याला सांगायचं, डिस्कच मेली होती.

त्यानं पेनड्राइव्ह लावला. डिस्क पुसायला सांगितली.

स्क्रीन काळी.

पुन्हा केलं. पुन्हा काळी.

"भंगार," तो पुटपुटला. मागची पॉवरची वायर उपसून काढली आणि वाकून आत पाहिलं. वास आला. तेलाचा. लेथवर येतो तसा.

आत पंखा फिरत होता.

वायर त्याच्या हातात होती.

पंखा... फिरत होता.

त्यानं श्वास रोखला. स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं. मग काही नाही. मग...

"घाई कुणाला आहे, इंजिनिअर?"

पळाला. अनवाणी.

दसऱ्याला सकाळी आत्याचा फोन आला. तो पानशेतला गेला नव्हता. सहकारनगरला गेला; चपला आणायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"छान केलंस रे," आत्या म्हणाली. उत्तरपूजा करून तिनं बटण दाबलं होतं. कॉम्प्युटर चालू होता. आवाज जसाच्या तसा होता. वर झेंडूची माळ होती. "फक्त आत काहीतरी खुडखुडतंय बघ. आणि रात्री एवढं घट्ट आवळून ठेवलंस, तेही बरं केलंस."

दिग्विजयनं कॅबिनेट बंद केलंच नव्हतं. त्यानं बॅगेत हात घातला, त्याचा स्क्रूड्रायव्हर नव्हता. पाटावरचा बद्रीनाथचा उचलला आणि एकेक स्क्रू काढला. सगळे जागच्या जागी होते.

आत, पंख्याखाली, त्याचा स्क्रूड्रायव्हर होता. मुठीवर हळदकुंकू. ओलं.