कुंची घातलेली बाहुली

बाळाच्या सीटचा पट्टा घट्ट होता. आजोबांनी ओढून पाहिला, आईनं पाहिला, मीही पाहिला. तरी गाडी आपलं एकच धरून बसली होती: पट्टा सैल आहे, मी निघणार नाही.

ही २०५८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. राधानगरीला आजोळी माझा भाऊ जन्मून पाच दिवस झाले होते. सकाळी नर्सबाईंनी त्याच्या कपाळाला यंत्र लावलं, तर कावीळ वाढलेली. दोन तासांत कोल्हापूरच्या दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवायला हवं, असं त्यांनी बजावलं. त्यातला अर्धा तास दुपटी शोधण्यातच गेला. बाळ दूध ओढत नव्हतं, नुसतं झोपत होतं.

मामीचा धीर सुटला. घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळं मांडीवरूनच आली, आणा त्याला इकडं, असं तिचं म्हणणं. पण आजोबा चाळीस वर्षं गाड्यांच्या धडकांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी जडत्व (चालत्या वस्तूची चालतच राहण्याची खोड) समजावलं. ताशी चाळीस किलोमीटर वेगातली गाडी कशावर आदळून थांबली, तरी बाळ चाळीसनंच पुढे जातं. तेव्हा तीन किलोचं बाळ हाताला पन्नास किलोच्या पोत्याएवढी ओढ देतं. कुठली मांडी ते धरणार?

सीटचीही मामीनं आधी गंमत केली होती. कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची आणली, पाच वर्षं पुरेल म्हणून. आजोबांनी ती परत करायला लावली. बाळाच्या आजच्या वजनाची आणि उंचीची सीट घेतली. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे धक्का कोवळ्या मानेऐवजी सगळ्या पाठीवर पसरतो. मागच्या बाकावर मधोमध ती त्यांनी गुडघा रोवून आवळली. बुडाशी धरून हलवली तरी बोटभरही सरकेना.

मग सैल काय होतं?

गाडी म्हणाली, “बाळ आणि पट्टा यांच्यात चार सेंटीमीटर जागा आहे.”

मला तर जागा दिसेना. दिसत होती मामीनं घातलेली कापूस भरलेली कुंची आणि त्यावर दोन दुपटी. मी पट्ट्याशेजारी मूठ दाबली. ती लोडात रुतावी तशी आत गेली.

“आजोबा, पट्टा दुपट्याला घट्ट बसलाय,” मी म्हणाले. “बाळाला नाही.”

आजोबांनी पट्ट्याची लांबी मुळीच न बदलता कडी सोडली, दुपटी आणि कुंची काढली आणि कडी पुन्हा लावली. पट्टा बाळावर लोंबतच राहिला. माझी अख्खी मूठ आत गेली. आजोबांचा चेहरा उतरला.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “आम्ही चाळीस वर्षं चाचणीच्या गाडीत बाळाएवढ्या बाहुल्या बसवून आपटल्या, पण एकीलाही कधी कुणी गुंडाळलं नव्हतं.”

धडकेत कापूस चेपतो आणि तेवढी जागा मोकळी होते, हे त्यांनी भराभर सांगितलं. शिवाय कुंचीच्या गाठोड्यानं बाळाची हनुवटी छातीला टेकत होती, त्यानं श्वासनळी (श्वास आत नेणारी नळी) दुमडते. त्यांनी पट्टा आवळला, खांद्याजवळ चिमटीत धरता येईना इतका. लेकरू गारठेल म्हणून मामी रडवेली झाली, तेव्हा दुपटी वरून पांघरली. आधी पट्टा, मग दुपटं. गाडी निमूट निघाली.

वाटेत एका वळणावर झाडीतून गवा आडवा आला. गाडीनं करकचून ब्रेक लावला. पुढे बसलेल्या मामीच्या मांडीवरची पिशवी काचेवर जाऊन आदळली. मी बाळाकडे पाहिलं. ते होतं तिथंच होतं, फक्त डोळे किलकिले केले. गवा सावकाश गेला आणि गाडी पुन्हा निघाली. पोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती.

कावीळ चार दिवसांत उतरली. आजोबांनी मात्र जुन्या प्रयोगशाळेला फोनवर फोन केले. दोन महिन्यांनी तिथं पहिल्यांदाच कुंची घातलेल्या बाहुलीची चाचणी झाली. कुंची मामीनंच शिवली होती आणि खोट मी ओळखली होती, म्हणून आम्हा दोघींनाही बोलावलं.

कुंची आणि दुपट्यांवरूनच पट्टा आवळला आणि गाडी भिंतीवर आदळली. पट्टा जागेवर राहिला, दुपटी जागेवर राहिली आणि बाहुली मधून निसटून पार गाडीच्या दाराशी पडली.

आता नव्या सीटवर ‘आधी पट्टा, मग दुपटं’ असं चित्रासकट छापायचं ठरलंय. आजोबा शास्त्रज्ञांशी तेच बोलत उभे होते. मामीनं जाऊन ती बाहुली उचलली, छातीशी धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.