पाच पुतण्यांचा बोजारा

"अबे भैताडा! बेगड बैलाच्या शिंगाले लावतेत, आपल्या नाकाले नाही!"

भूमिका ओरडली तसा ऋषीने नाकावरचा चमचमता कागद ओढून काढला. मुग्धा खो खो हसत सुटली. तान्हा पोळा! शाळेला सुट्टी, बरीच मोठी माणसं मारबतीची मिरवणूक बघायला गेलेली, आणि ढोके ले-आउट या नागपूरच्या वसाहतीतल्या या तिघांचे लाकडी बैल झूल पांघरून तयार! आता घरोघरी बैल न्यायचे. घरातल्यांनी बैलाला हळद-कुंकू लावायचं आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवायचा. कुठे पैसे, कुठे चॉकलेट, चारुशीलाकाकूंकडे तर ठरलेला रव्याचा लाडू.

ऋषी आणि मुग्धा ही सख्खी भावंडं. ले-आउटचे अध्यक्ष मनोहरराव त्यांचे आबाजी. त्यांच्याच घरामागच्या खोलीत भूमिका आईबरोबर भाड्याने राहायची. आई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कामाला जायची.

"मीटिंग आजच हाय न?" भूमिकाने विचारलं. बैलाच्या चाकांना तेल घालून केव्हाच झालं होतं, तरी ती चाकं उगीच फिरवून बघत होती.

"हाव. संध्याकाळी पोळा फुटला की लगेच, मैदानातच," मुग्धा म्हणाली.

मीटिंग साधीसुधी नव्हती. सगळी बैठी घरं पाडून तिथे उंच इमारती बांधायच्या, असा एका बिल्डरचा बेत होता. घरमालकांना फ्लॅट मिळणार होते. भाडेकऱ्यांना काही नाही!

"होय झालं तर आम्ही कन्हानले, मामाकडे," भूमिका म्हणाली. "शाळा पन तिकडचीच."

"काही होत नाही!" ऋषी छाती काढून म्हणाला. "आबाजी स्वतः म्हणतात, असल्या खुराड्यात कोण जाणार! ते आपल्याच बाजूचे आहेत. अर्ध्याहून जास्त घरांना नकोच आहे. हात मोजले की खेळ खलास!"

मालक असो की त्याचा नातेवाईक, जो घरात राहतो त्याचा हात, आणि एका घराचा एकच हात, ही ले-आउटची जुनी रीत होती. भाडेकऱ्याला मात्र हात नाही. ही रीत कोणी पाडली ते विचारू नका. भाडेकऱ्यांनी नक्कीच नाही!

बैल ओढत तिघं शेवटच्या गल्लीपर्यंत आले आणि थबकले. या गल्लीतली पाच घरं कित्येक वर्षं बंद होती. कोणी पुण्याला मुलाकडे गेलेलं, कोणी बंगळूरला. आज मात्र पाचही दारांची कुलपं गायब!

"गिरिधरकाका पुण्याहून परत आले!" मुग्धा किंचाळली आणि तिने त्यांच्या घराचं दार वाजवलं.

दार उघडलं ते बनियनमधल्या एका अनोळखी माणसाने. त्याने बैलाकडे पाहिलं. "कितने का है?"

"विकायचा नाही, काका! बोजारा द्या!"

"गणपतीची वर्गणी? आत्तापासूनच?"

"तुम्ही कोण पण?" ऋषीने विचारलं.

"मी गिरिधररावांचा सख्खा पुतण्या! लहानाचा मोठा इथंच झालोय. चला, पळा!" धाडकन दार बंद!

शेजारच्या घरातही पुतण्याच निघाला. त्याच्या पुढच्या तिन्ही घरांतही!

"पाच घरं, पाच पुतणे!" ऋषी म्हणाला. "पुतण्यांचं पीक आलं का बे या वर्षी?"

"अन् खिडकीतून पाहिलं का?" भूमिका कुजबुजली. "एकाकडेही भांडं नाही. नुसती गादी. नागपुरात लहानाचा मोठा झाला अन् बोजारा माहीत नाही? काहून गा?"

तेवढ्यात गल्लीत गाडी वळली. तिघं पाण्याच्या टाकीमागे दडले. गाडीतून उतरला तो सुशील, बिल्डरचा माणूस. पुतणे भराभर बाहेर आले.

"ध्यानात आहे न? मी म्हटलं की हात वर! मीटिंग झाली की सामान उचला अन् निघा."

टणकन घंटी वाजली! भूमिकाचा बैल घरंगळला होता!

"कोण आहे तिकडं?" पुतण्यांना आत पिटाळून सुशील टाकीकडे धावला. मुग्धाने डोळे गच्च मिटले. पण भूमिका बैल ओढत सरळ त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काकाजी, बोजारा!"

सुशीलचा हात आपोआप खिशात गेला. त्याने बैलाला नमस्कार केला, दहाची नोट दिली आणि म्हणाला, "जा, खेळा तिकडं!"

तिघं धूम पळाले. मारुतीच्या देवळापाशी पोचल्यावर भूमिका हातातल्या नोटेकडे बघत राहिली.

"पाहिलं? पक्का लबाड मानूस! पन नागपूरचा हाय. बैल समोर आला की हात खिशातच जाते. मले आयडिया सुचली!"

संध्याकाळी पोळा फुटला, बैलांची रांग पांगली. मैदानात खुर्च्या मांडल्या गेल्या. सुशीलने गोड हसत भाषण केलं. प्रगती, लिफ्ट, बगीचा! मग तो म्हणाला, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात..."

"थांबा!" भूमिका ओरडली. "आधी बोजारा!"

तीन बैल खुर्च्यांच्या रांगेतून खडखडत निघाले. बैल समोर आला की जो तो हात जोडी आणि खिसा चाचपी. चारुशीलाकाकूंनी तर पिशवीतून लाडू काढले. बैल शेवटच्या रांगेत पोचले. तिथले पाचही पुतणे ढिम्म! एकजण वैतागून म्हणाला, "मघाशी सांगितलं ना, विकत नको!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मग मनोहरराव ताडकन उठले.

"विकत? ज्याला बोजारा ठाऊक नाही, तो या ले-आउटचा नाही! कोण आहात तुम्ही?"

मुग्धाने आईचा मोबाइल उंच धरला. पुण्याहून गिरिधरकाका केव्हाचे लाइनवर होते. ते कडाडले, "मी एकुलता एक! मला पुतण्या आला कुठून? आणि मनोहरराव, किल्ली तर मी तुमच्याकडे ठेवली होती!"

मनोहरराव खाकरले. "पाचही किल्ल्या माझ्याकडेच होत्या. सुशीलने मोजमापासाठी मागितल्या, मी दिल्या."

पुतणे गाडीकडे पळत सुटले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! चारुशीलाकाकूंनी तिघांच्याही तोंडात लाडू कोंबला. "वाघ आहेत वाघ!" मनोहरराव गरजले. भूमिकाची आई सुभद्रा दवाखान्यातून थेट मैदानात आली होती. कडेला उभी राहून ती पदराने डोळे पुसत होती. भूमिकाने तिच्याकडे बघून दोन्ही हात उंचावले. जिंकलो!

मग मनोहरराव सुशीलकडे वळले. "पकडला गेलास न? आता नीट बोल. एक खोली वाढवून देशील का?"

सुशीलने कपाळावरचा घाम पुसला. "देऊ."

"गॅलरी?"

"तीही देऊ."

"अन् गाडीला जागा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"देऊ हो, सगळं देऊ!"

मनोहररावांनी हात वर केला. चारुशीलाकाकूंनी केला. बघता बघता सगळ्यांचे हात वर गेले, आणि या वेळी एकही खोटा नव्हता. कोणाला मोठं घर हवं होतं, कोणाला गॅलरी! घर वाचवायचं होतं ते एकट्या भूमिकाला, आणि तिला हातच नव्हता.

"आबाजी!" ऋषीचा आवाज चिरकला. "तुम्ही तर नको म्हणत होता! भूमिकाचं काय?"

"लहान खोल्या नको म्हणत होतो, बाळा. भाडेकऱ्यांचं पाहू नंतर." आबाजींनी खिशातून शंभराची नोट काढली. "ये गं भूमिका. आज तुझ्यामुळे सगळ्यांचं भलं झालं. हा घे खास बोजारा!"

भूमिकाने बैल त्यांच्यासमोर आणून उभा केला. नोट मात्र घेतली नाही.

"आबाजी, बोजारा ज्याले ठाऊक नाही तो इथला नाही, असं तुम्हीच म्हटलं न? मले तर ठाऊक हाय. मंग मी कोठची?"

एका काकांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या माणसांना उत्तर आलं नाही की ती शाबासकी देतात, तसंच झालं. मनोहरराव मोठ्याने हसले. "वा! काय बोलते पोरगी! नाव काढेल ही एक दिवस!"

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ऋषी आणि मुग्धा तेवढे हात मागे बांधून उभे राहिले.

सुभद्राने बैल उचलून काखेत घेतला. "चाल वं, बाई. सामानाले खोके आनाले लागतीन. बांधाबांध कराची हाय."

त्या दोघी मैदानाबाहेर पडल्या तरी टाळ्या चालूच होत्या.