दोनशे पंचवीस, सीओ, अठरा

आधी गडगडाट आला, मागून गाडी आली. मिशिगन सरोवराकडून सुटलेल्या गार वाऱ्यात ती जुनी निळी स्टेशन वॅगन 'पावलाक ऑटो पार्ट्स'च्या दारात थरथरत थांबली. लिडिया पावलाकने कॉफीचा कप खाली ठेवला. गाडीतून उतरलेला उंच, विस्कटल्या केसांचा तरुण छातीशी काहीतरी धरून आत येत होता... जखमी मांजर आणावं तसं.

"हा माझा सायलेन्सर," तो म्हणाला. "म्हणजे, होता."

"श्रद्धांजली वाहायला आलात, की नवा न्यायला?"

तो खळखळून हसला. "नवाच! पण मागायचा कसा? वेबसाईटवर नुसते आकडे. आणि मी शाळेत संगीत शिकवतो हो..."

त्याचं नाव एमेट हॅल्वर्सन. तिनेही आपलं सांगितलं. लिडियाने गंजक्या पत्र्यावरून फडकं फिरवलं. २२५ दिसत होतं, पुढे सी, शेवटी १८. मधलं एक अक्षर गंजाने खाल्लं होतं.

"इकडे या, सोपं आहे. दोनशे पंचवीस म्हणजे सव्वादोन इंची नळी. अठरा म्हणजे डब्याची लांबी. मधली दोन अक्षरं नळ्यांची. पहिलं धूर आत शिरतो त्या बाजूचं, दुसरं बाहेर पडतो त्या बाजूचं. सी म्हणजे मधोमध, ओ म्हणजे कडेला."

"पण दुसरं अक्षर तर गेलं!"

"अक्षर गेलं, नळी आहे ना? बघा."

तो वाकला. ती आधीच वाकलेली होती. त्याच्या केसांना व्हायोलिनच्या राळेचा वास होता...

"कडेला! म्हणजे सीओ!" तो जवळजवळ ओरडलाच. "दोनशे पंचवीस, सीओ, अठरा! मला वाचता आलं!"

लिडिया त्याच्याकडे बघतच राहिली. सात वर्षांत शेकडो लोक या काऊंटरवर आले, खोकी उचलून गेले. नंबर कळला म्हणून कुणी असं उजळलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"थँक्स हं," तो म्हणाला. "आता पुन्हा त्रास द्यायला येणार नाही."

मागच्या खोलीत फळीवर दोन खोकी शेजारी शेजारी होती. सीओ आणि सीसी. तिचा हात सीओवर गेला, थबकला... आणि तिने सीसी उचललं. पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं.

"नाही बसला तर बदलून देऊ," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत मात्र बघितलं नाही.

चार वाजता फोन वाजला.

"मी एमेट. बसत नाहीये हो! मागची नळी चार बोटं बाजूला राहते. खोक्यावर सीसी आहे. तुम्ही इतकं शिकवलंत आणि घेताना मी वाचलंच नाही, गाढव मी! उद्या सकाळी मॅडिसनला ऑर्केस्ट्रातल्या नोकरीची मुलाखत आहे, आणि जुना तर तुमच्याच भंगारात टाकला..."

लिडियाने पेन ओढलं. "पत्ता सांगा."

सीओचं खोकं काखेत मारून ती धावली. "काका, दुकान बघा!"

"अगं, पण चाललीस कुठे?" स्टॅशकाका ओरडले.

"आल्यावर रागवा!"

एमेटच्या घरासमोर गाडी रॅम्पवर चढवलेली होती. खालून फक्त दोन पाय दिसत होते, दोन रंगांच्या मोज्यांतले. लिडियाने त्या मोज्यांनाच सांगून टाकलं.

"चूक तुमची नाही. माझीही नाही... म्हणजे चूक नव्हतीच ती. मी मुद्दाम सीसी दिला. पुन्हा येणार नाही म्हणालात ना... मला तुम्ही परत यायला हवे होतात. मुलाखतीचं ठाऊक नव्हतं. फार वाईट वागले मी. हा बरोबरचा. बसवून देते आणि जाते."

खाली पान्हा खणकन पडला. एमेट सरपटत बाहेर आला. गालावर काळा पट्टा, चेहऱ्यावर हसू नाही.

"दोन वर्षं वाट बघतोय मी या नोकरीची, लिडिया."

"हं..."

"हातातून गेली असती."

तिला मान वर करवेना. त्याने हात पुढे केला.

"क्लॅम्प दे."

दे! द्या नाही... दे. तिने नळी आवळायचा तो क्लॅम्प त्याच्या हातात ठेवला.

दोघं गाडीखाली शिरली. कोपराला कोपर लागत होतं. नळी टक्कन जागेवर बसली. शेवटचा नट आवळून एमेटने इंजिन सुरू केलं. नुसती मऊ गुरगुर... इतकी मऊ, की रस्त्यावर सरपटणारी मेपलची पानंही ऐकू आली.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मघाशी मी गाडीखाली होतो. धड ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

"सगळं ऐकलंयस तू!"

"ऐकलंय. पुन्हा ऐकायचंय."

तिचे कान तापले. "मला तू परत यायला हवा होतास. अजूनही हवा आहेस. रोज. झालं?"

"रोज सायलेन्सर मोडायला नाही परवडणार." आता तो हसत होता, डोळ्यांनी, गालावरच्या काळ्या पट्ट्यानेसुद्धा. "उद्या चल मॅडिसनला. मी आत वाजवत असताना बाहेर बसून माझ्यासाठी घाबरणारं कुणीतरी हवं."

"किती वाजता निघायचं?"

"सातला."

"साडेसहाला ये," ती म्हणाली, आणि खिडकीत वाकून तिने नेमके त्या काळ्या पट्ट्यावर ओठ टेकवले.