चंदरच्या दोन रेस

ही गोष्ट खरी आहे. भुतंखेतं रात्रीच निघतात असं समजणाऱ्यांनी तर जरूर वाचावी. कारण ही घडली भर दुपारी, १९९८ च्या एप्रिलात, सातपूरला लहानू मिस्त्रीच्या पत्र्याच्या गॅरेजात. लहानू अजून आहे. विचारलंत तर आधी विषय बदलेल, मग सांगेल.

त्या दुपारी कलाबाई पेठहून एस.टी.नं आली होती. गॅरेजात तिच्या थोरल्या दिराचा, निवृत्तीचा जुना ट्रक उभा होता.

याच ट्रकवर तिचा नवरा चंदर ड्रायव्हर होता. आदल्या पावसाळ्यात घाटात ट्रक कठड्यावर आदळला आणि चंदर जागीच गेला.

"पिऊन चालवत होता," निवृत्तीनं सगळ्या गावाला सांगितलं. केबिनमधून बाटलीही काढून दाखवली.

चंदरच्या बापाला दारूनं नेलं होतं. त्या दिवसापासून चंदरनं थेंबाला हात लावला नव्हता. पण मेलेल्या माणसाच्या तोंडाचा वास कोण घेतो? कलाबाई 'बेवड्याची बायको' झाली. पोरीलाही शाळेत तेच ऐकावं लागे.

मरायच्या आधी चंदर तिला रोज सांगायचा, "लाइट एकदम जातात. रेस दाबली की तिथंच अडकते. दादाला सांगितलं तर म्हणतो, गाडीला काय नाय, तुझी नाटकं हायेत."

ट्रक दुरुस्त झाला. निवृत्ती स्वतः चालवायला बसला.

त्याच घाटात... लाइट गेले. रेस अडकली.

कसाबसा वाचला. हे कानावर आलं आणि कलाबाई तशीच उठून आली. तिला एकच हवं होतं. दोष गाडीत होता, चंदरमध्ये नव्हता, एवढं निवृत्तीनं चारचौघांत म्हणावं.

"तू कशाला आली?" तो खेकसला.

"ऐकायला आले, भावजी."

लहानूनं बॅटरी पाहिली. ठीक. डायनॅमो ठीक. मग त्यानं इंजिनामागे हात घातला...

अर्थची वायर लोंबत होती. नट गायब.

"ही सुटली की करंट दुसरी वाट शोधतो," लहानू म्हणाला. "रेसच्या वायरीतून जातो. वायर तापते अन् अडकते. लाइटही जातात. पण निवृत्तीभाऊ, सगळी गाडी जुनी, ही वायर तेवढी कोरी कशी?"

"मीच टाकली. दोनदा आवळली होती. सुटते कशी तेच कळत नाय."

"म्हंजे दोष ठाऊक होता. टाकली कधी?" कलाबाईनं विचारलं. "हे होते तेव्हा, का गेल्यावर?"

चोराच्या मनात चांदणं. निवृत्ती खिशात काडेपेटी शोधू लागला.

लहानूनं दुसरा नट लावून पान्यानं घट्ट आवळला. बाकीच्या वायरी तपासायला बॅटरी उतरवून बाहेर ठेवली. शेजारच्या कंपनीचा भोंगा झाला. आजूबाजूची मशिनं जेवणाच्या सुट्टीला थांबली.

एकदम सामसूम.

आणि मग...

ट्रकच्या मीटरचा दिवा लागला.

"बॅटरी तर बाहेर हाय," लहानू पुटपुटला.

केबिनमध्ये कोणी नव्हतं. तरी पेडल... हळूहळू खाली गेलं.

घुर्रर्र... घुर्रर्र...

दोनदा. मग सगळं शांत.

कलाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. घराच्या वळणावर आलं की चंदर अशाच दोन रेस द्यायचा. त्या ऐकून ती चुलीवर तवा ठेवायची.

लहानूनं भीतभीत केबिनचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटवर... नट पडला होता. त्यानं उचलला तर बोटाला चटका बसला. इंजिनामागे वायर पुन्हा लोंबत होती.

"आता तरी म्हणा, भावजी."

निवृत्ती घामानं भिजला होता. "कसं म्हणू? हे सांगितलं तर लोक म्हणतील मीच पिऊन आलोय."

कलाबाई त्याच्या अगदी जवळ गेली. थोरल्या दिरासमोर जिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तिनं त्याचं तोंड हुंगलं.

"वास नाय," ती म्हणाली. "त्यांच्याबी तोंडाला नव्हता. मी घेतला होता."

निवृत्तीनं गावात आजवर तोंड उघडलेलं नाही. बाटलीबद्दल नाही, वायरीबद्दल नाही. ट्रक भंगारात विकला, तिथं तो कापला गेला. लहानू भोंग्याच्या वेळी गॅरेजात एकटा थांबत नाही.

ट्रक राहिला नाही, तरी पेठला कलाबाईच्या घराच्या वळणावर दुपारी कधीकधी...

दोन रेस ऐकू येतात.

शेजारीही ऐकतात. बाहेर येऊन पाहतात तर रस्ता मोकळा. सुरुवातीला कलाबाई तवा ठेवायला उठायची. आता उठत नाही. जागेवरूनच दाराकडे बघून ओरडते,

"अजून नाय म्हणाले भावजी!"