तिसरी पिन

माझं कुणी खरं मानलं नाही. एका चुलीवर भाकरी थापणाऱ्या बायका आम्ही, तरी मानलं नाही. निकिता, तृप्ती, तुम्ही यंदा पहिल्यांदा टोळीत आलात म्हणून सांगते. पटलं तर ऐका, नाहीतर गोधडी ओढून झोपा.

गेल्या सालची गोष्ट. आम्ही बारा जणी पेठहून निफाडला द्राक्षाच्या कामाला आलेलो. घडाला रद्दीचा पेपर गुंडाळायचा आणि वर स्टेपलरनं दोन पिना मारायच्या. एका ओळीला दोघी, एक अलीकडून, एक पलीकडून. बयाबाईची जोडीदारीण पुतळाबाई. बया मात्र प्रत्येक घडाला तीन पिना मारायची. मुकादम रावजी ओरडायचा, "तुझ्या बापाच्या पिना हायेत का?" ती हसायची आणि तिसरी मारायची.

संध्याकाळी रावजी बायका मोजत नसे. स्टेपलर मोजायचा. जिच्या तिच्या स्टेपलरला वेगळ्या रंगाचा दोरा. बादलीत बारा पडले की पिकअप शेडकडं सुटली.

तीन जानेवारी, शुक्रवार. अंधार पडलेला, थंडी हाडात शिरलेली. बया हात धुवायला शेततळ्याकडं गेली होती, मी पाहिलं होतं. तरी बादलीत बारा भरले. लाल दोऱ्याचा बयाचासुद्धा. गाडी हलली. मी अगदी मागं बसलेली. तळ्याकडून हाक आली.

"थांबा गं..."

"अगं, बया राहिली," मी म्हणाले.

"पुढं बसलीय ती, ड्रायव्हरपाशी," अंधारातून कुणीतरी बोललं. सगळ्यांच्या तोंडाला पदर. आवाज कुणाचा ते कळेना.

शेडवर उतरलो तर बया नव्हतीच, आणि अंधारात परत जायला कुणी तयार होईना. सकाळी ती तळ्यात सापडली. तळ्याला आतून अंथरलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. शेवाळावर तिच्या दहा बोटांच्या रेघा होत्या.

मी हाकेचं सांगितलं. माझी जिवाची मैत्रीण भिमाबाई म्हणाली, "टिटवी असंल गं." पुतळाबाई तर भांडायलाच उठली. "स्टेपलर टाकून आपल्या पायानं परत गेली ती. आणि तू हाक ऐकलीस, तर उडी का नाय मारलीस?"

  त्या दिवसापासून माझ्या ताटाशेजारी कुणी बसेना.

बारा तारखेला, रविवारी, बयाचा दहावा झाला. त्या रात्री याच पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अकरा जणी झोपलेलो. दाराला आतून कडी. मला झोप नव्हती. मोबाइलवर दोन वाजून दहा मिनिटं झालेली.

चट.

मी डोळे उघडले. कुणी हललेलं नाही.

चट.

भिमाला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का?"

"झोप. भास हाय." पण तिनं माझा हात धरला होता. घट्ट. तिची नखं रुतली.

मग कागद सळसळला... कुणीतरी आमच्या पायथ्याशी चालत होतं. ओल्या पायांनी. एकेकीपाशी थांबत होतं. माझ्यापाशी थांबलं. कपाळावर पाण्याचा थेंब पडला. गार. मी श्वास रोखला...

पुढं गेलं.

थांबलं.

बराच वेळ काहीच नाही.

चट. चट.

आणि जरा थांबून... चट.

उजाडेपर्यंत आम्ही दोघी तशाच पडून. दाराची कडी लागलेली होती. मग कोपऱ्यातली एक जण उठून बसली आणि साऱ्या तिच्याकडं बघत राहिल्या. तिच्या वेणीला रद्दीचा पेपर गुंडाळला होता. घडाला गुंडाळतात तसा. पेपरातून पाणी गळत होतं, अंथरूण ठणठणीत कोरडं. वर पिना. एक. दोन. तीन.

 तीच आपणहून बोलली, भिंतीकडं बघून. "लय गारठले होते मी... येतेच म्हणाली होती ती. म्हणून तिचा स्टेपलर बी बादलीत टाकला. पुढं बसलीय म्हणाले... म्हटलं, शेडवर तर जाऊ."

भिमानं माझ्याकडं पाहिलं. टिटवी म्हणाली नाही.

पेपर रावजीनं चुलीत घातला, तो जळला नाही, नुसता धुमसला. त्या तीन पिना माझ्या कुंकवाच्या डबीत आहेत. साल उलटलं. उन्हात ठेवते, तव्यावर टाकते. रात्री डबी उघडली की ओल्याच.

बयाला तळ्यानं खाल्लं, असं पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हणू नका. हाक मी ऐकली होती. आणि जिनं तिला तिथं सोडलं, तिचं नाव मी रोज दिवा लावताना घेते.

पुतळाबाई.