चौथी साखळी पक्की

हसायचं तर खुशाल हसा. फक्त माझ्या मामांसमोर हसू नका. हे त्यांच्यासोबत घडलंय, आणि मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

भुतं म्हणे रात्रीच येतात! हे घडलं दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात.

मामांचं काम छोटे ट्रॅक्टर जीपमागच्या ट्रेलरवर चढवून पोहोचवायचं. अकरा वर्षं जोडीला पैलवान होता. नावाचाच पैलवान, अंगानं काडी. दोघांची एक रीत होती. मामांनी चार कोपऱ्यांना साखळ्या आवळायच्या, पैलवानानं पलीकडून एकेक ओढून बघायची आणि ओरडायचं, "पक्की!" उतरवतानाही तेच. पलीकडून "सोड!" ऐकू आल्याशिवाय साखळीला हात लावायचा नाही.

एकदाच मामांनी घाई केली. उतारावर... हाक यायच्या आधीच साखळी सोडली.

पैलवान ट्रॅक्टरखाली गेला.

"ब्रेक सरकला," असं मामांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना ते पटलंही.

दोन महिन्यांनी मामा पुन्हा कामाला निघाले. त्यांना एकटं सोडायला मामीचा जीव धजेना, म्हणून ताई, त्यांची एकुलती एक लेक, स्वतःची गाडी घेऊन मागून निघाली.

मामांनी ट्रॅक्टर चढवला. हँडब्रेक ओढला. पहिल्या तीन साखळ्या आवळल्या, पलीकडे जाऊन स्वतःच ओढून पाहिल्या. चौथी लावली, आणि...

"पक्की!"

मामा सरळ जीपमध्ये बसले आणि निघाले. अकरा वर्षांची सवय हो, ती कुठे विचार करते?

चार किलोमीटर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

पक्की... म्हणालं कोण?

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"बाबा, ट्रॅक्टरवर माणूस कशाला बसवलाय? पडेल ना तो!"

मामांनी आरशात पाहिलं. ट्रॅक्टरची सीट रिकामी.

"कसा दिसतो गं?"

"काडीसारखा. हात करतोय मला... जवळ ये म्हणतोय."

"थांब! ब्रेक दाब! आहेस तिथेच थांब!"

मागे खळ्ळकन आवाज झाला. चौथी साखळी सुटली होती. ट्रॅक्टर आडवा फिरला, उरलेल्या तिन्ही साखळ्या तुटल्या आणि तो धाडकन रस्त्यावर आदळला. ताईच्या गाडीपासून हातभर अंतरावर.

मामा धावत सुटले. ताईला साधं खरचटलंही नव्हतं. तिला पोटाशी धरून मामा भर रस्त्यात ढसाढसा रडले. "माझं चुकलं रे पैलवाना! साखळी मीच सोडली होती. पण माझ्या पोरीला नको रे..."

मग त्यांना तो आवाज ऐकू आला.

टुंग... टुंग... टुंग...

ताईच्या गाडीतून. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं, की ती गाडी अशी वाजते.

सीटवर कुणीच नव्हतं.

"ट्रॅक्टर पडला तेव्हापासून वाजतंय," ताई म्हणाली.

मामांनी पट्टा ओढला आणि त्या रिकाम्या सीटवर लावला.

आवाज थांबला.

ताईची गाडी अजून मामांच्या दारात उभी आहे, शेजारच्या सीटचा पट्टा तसाच लावलेला. "आणखी किती दिवस घाबरायचं, बाबा?" असं म्हणत ताई रोज किल्ली मागते. मामा देत नाहीत. परवा ती मलाच म्हणाली, "तू तरी त्यांना समजाव ना."

मी विषय बदलला.