मंचाची डावी बाजू

"माह्या आज्याचं नाव चोरलं," कलाबाई म्हणाली. पुढे केलेल्या खुर्चीकडे तिने पाहिलंही नाही.

खासगी तपासनीस अल्का रामटेके आणि तिचा सोबती दुधराम, एसटीचा निवृत्त कंडक्टर, अकराच्या सुमारास नुकतेच पिंपळटोल्याला पोहोचले होते. गावातल्या जुन्या गायनसभागृहाला सगळे स्वरमंडप म्हणत. त्याच्या मागच्या दारावर नव्वद वर्षं एक माणूसभर लांब सागवानी फळी होती. तिच्यावर मंडप बांधणाऱ्या अकरा जणांची नावं कोरलेली. पहिलं नाव भोजराजचं, कलाबाईच्या आज्याचं. आता तिथे फक्त खिळ्यांची भोकं होती.

"चार वाजता मंडपाचा इतिहास लिहिणारे येऊन राहिले," कलाबाई म्हणाली. "फळी नसली तर पुस्तकात गावच्या जमीनदाराचं, एकट्या मालगुजाराचंच नाव जाईल. आज्यानं मंडप बांधला अन् गाणं भिंतीबाहेर उभं राहून आयकलं. आत घेत नव्हते त्याले. आता नावही बाहेर काढलं."

अल्काने भोकांवरून बोट फिरवलं आणि मंडपाच्या किल्ल्या कुणाकडे असतात ते विचारलं.

किल्ल्या तिघांकडे होत्या. पहिला राखणदार मनिराम.

"सकाळी सातला झाडलं तवा फळी जाग्यावर होती, बाई. तवापासून फाटकातच बसून हाओ. आवाराले एकच फाटक. एवढी मोठी फळी माह्यासमोरून गेली नाही."

"मंडप शोधला?"

"खोल्या पायल्या, माळा पायला. मंचाखाली काल सांजचा घुसलो होतो, मडकी पुसाले. छत्तीस आहेत. त्याइच्या तोंडावर फडकंही पडू देत नाही आम्ही. बापानं तसंच शिकवलं."

"फुटक्या मडक्याची एवढी सेवा कायले?" दुधरामने विचारलं.

"फुटकी नाहीत ती," मनिराम तुटकपणे म्हणाला.

दुसरी, गायिका शांतीबाई, मंचावर तानपुरा गवसणीत घालत होती. चाळीस वर्षं ती इथेच शिकवत आली होती.

"आठ वाजता सूर छान फिरला. चहा पिऊन दहाला पुन्हा बसले, तर डावीकडून आवाज परतच येईना. वय झालं माझं, दुसरं काय."

तिसरा हिमांशू, मंडपाचा अध्यक्ष, मालगुजाराचा पणतू. सकाळी नऊला तो मंडपात येऊन गेला होता.

"चार मजदूरांच्या नावांसाठी एवढा तमाशा? मंडप माझ्या पणजोबांनी बांधला, ताई."

"मंचाखाली काय आहे?"

"कचरा. जुनी भांडी. पुढच्या महिन्यात फेकून काँक्रीट भरणार."

अल्का मंचावर चढली. उजवीकडे टाळी वाजवली, मग डावीकडे.

"मले तर दोन्हीकडं टाळीच आयकू आली," दुधराम म्हणाला.

"तीस वर्षं एसटीची घंटी ऐकलेले कान तुमचे, दुधरामभाऊ. मनिरामला म्हणा, मंचाखालचं डावीकडचं दार उघड."

मंचाच्या पोटातल्या त्या बुटक्या दारातून मनिराम आत सरपटला. तो फळी ओढत बाहेर आला तेव्हा सगळे जमले होते.

"मडक्याइच्या तोंडावर आडवी टाकली होती," तो म्हणाला. रागाने.

"फळी आवाराबाहेर गेली नव्हती, म्हणजे आतच होती," अल्का म्हणाली. "आठला सूर फिरत होता, दहाला नाही. मधल्या वेळात मंचाखाली काहीतरी बदललं. ती मडकी म्हणजे या मंडपाचा गळा. उघड्या तोंडातून सूर घुमतो. डावीकडची तोंडं कुणीतरी झाकली. मनिराम तिथे फडकं पडू देत नाही. शांतीबाई स्वतःच्या रियाजाचा गळा दाबणार नाहीत. मडक्यांना कचरा म्हणणारा इथे एकच आहे, आणि तो नऊला आत होता."

"मी फक्त बाजूला ठेवली होती," हिमांशू म्हणाला. "नंतर परत लावणार होतो."

"पुस्तक छापून झाल्यावर?" अल्का त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या पणजोबांनी हा मंडप बांधला असता, तर ती मडकी कशाला आहेत, हे तुमच्या घरात एकाला तरी ठाऊक असतं."

कलाबाईने पदराने पहिलं नाव पुसलं. मनिराम हातोडी घेऊन मागच्या दाराकडे निघाला.

"तिकडं कायले जातोस?" कलाबाई म्हणाली. "समोरच्या दारावर ठोक."

"तिथे पणजोबांच्या नावाचा संगमरवर आहे," हिमांशू पुटपुटला.

"दिसते मले. त्याच्या वर ठोक, मनिराम."